घर आणि यंत्र : पोच मिळाल्यावाचून कार्ड पुसू नये

जिल्ह्याच्या गावी तीन पिढ्यांची कापडाची पेढी असलेले एक एकत्र कुटुंब. घरातील थोरल्या आजींना ७५ वर्षे पूर्ण झाली, तेव्हा लेकी-जावई, नातवंडे आणि दूरदूरचे सोयरे एका छताखाली जमले. सकाळी सुना-लेकींनी औक्षण केले, दुपारी पंगत बसली, संध्याकाळी पतवंडाला मांडीवर घेऊन आजी ओसरीवर बसल्या. महाविद्यालयात शिकणारा नातू दिवसभर कॅमेरा गळ्यात अडकवून फिरत होता. रात्री मोजली तेव्हा ३१२ छायाचित्रे भरली.

पुढच्या रविवारी नातवाने ती संगणकावर उतरवून घेतली. निदान त्याची तशी समजूत झाली. दोन महिन्यांनी पेढीवर नव्या साड्यांचा माल आला. परगावच्या व्यापाऱ्यांना नमुने दाखवायचे म्हणून धाकट्या काकांनी कॅमेरा मागितला.

“कार्डातले फोटो उतरवून घेतलेस ना रे?” काकांनी विचारले.

“हो काका, कधीच घेतले. तुम्ही खुशाल कार्ड पुसा.”

काकांनी कार्ड फॉरमॅट केले, साड्यांची ४१ छायाचित्रे काढली आणि काम झाल्यावर कॅमेरा कपाटात ठेवून दिला. पावसाळा संपता संपता आजी गेल्या. दिवाणखान्यात लावायला तसबीर हवी म्हणून नातवाने संगणक उघडला, तर वाढदिवसाचे एकही छायाचित्र तिथे नव्हते. फोल्डरमध्ये होती ती सारी आदल्या वर्षीच्या सहलीची.

घडले होते ते असे. कार्ड फॉरमॅट झाले की हा कॅमेरा छायाचित्रांचे क्रमांक पुन्हा एकपासून मोजू लागे. त्यामुळे सहलीच्या पहिल्या छायाचित्राचे नाव आणि वाढदिवसाच्या पहिल्या छायाचित्राचे नाव अक्षरशः एकच होते. सहलीची छायाचित्रे चारशेच्या वर होती आणि नातवाने नवी छायाचित्रे त्याच जुन्या फोल्डरमध्ये टाकली. या नावांच्या फाइली येथे आधीच आहेत, त्यांच्या जागी नव्या ठेवाव्या की नव्या वगळाव्या, असे संगणकाने विचारले. ‘आधीच आहेत’ हे वाचून तो निर्धास्त झाला आणि त्याने वगळण्याचा पर्याय निवडला. संगणकाने आज्ञेप्रमाणे ३१२ च्या ३१२ छायाचित्रे वगळली. दुसरा पर्याय निवडला असता तर सहल पुसली गेली असती. यंत्राचा दोष कोठेच नव्हता.

पेढीवरच्या वृद्ध दिवाणजींना ही हकिगत कळली तेव्हा ते एवढेच म्हणाले, “माल मोटारीत चढवला म्हणजे पोचला असे होत नाही बाळासाहेब. पोच आली का, ते पाहायचे असते.”

दिवाणजींनी कॅमेरा कधी हातात धरला नव्हता. तरी या विषयातील मुख्य सूत्र त्यांच्या त्या वाक्यात आले आहे. नातवाने पुढे काय केले हे सांगण्यापूर्वी हे कार्ड म्हणजे नेमके काय आणि त्यातील ऐवज सुखरूप उतरवून घेण्याची रीत कोणती, हे पाहणे उपयोगाचे ठरेल.

कार्डाच्या आत

डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये तयार केला. त्यात कार्ड नव्हते. चित्र कॅसेटच्या फितीवर साठविले जाई आणि एका चित्राला २३ सेकंद लागत. आजच्या कार्डाचा पाया जपानमध्ये घातला गेला. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश स्मृतीचा शोध लावला. पुढे १९९४ मध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅश हे कार्ड आले आणि १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता व तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून एसडी कार्ड पुढे आणले. टपालाच्या तिकिटाएवढे हे कार्ड आज बहुतेक कॅमेऱ्यांत असते. जुन्या मोबाइलमध्ये घालतात ते नखाएवढे मायक्रोएसडी हे त्याचेच धाकटे भावंड.

या कार्डात फिरणारा कोणताही भाग नसतो. आत अतिसूक्ष्म कोठड्या असतात आणि प्रत्येक कोठडीत विद्युतभार अडकवून ठेवलेला असतो. बाहेरची वीज तोडली तरी हा भार आतच राहतो, म्हणून कॅमेऱ्यातून काढलेले कार्ड रिकामे होत नाही. परंतु कोठडी पुन्हा पुन्हा भरली आणि रिकामी केली की ती झिजते, आणि वर्षानुवर्षे नुसते पडून राहिलेल्या कार्डातील भारही हळूहळू झिरपतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कार्ड हे माल वाहून नेणारे वाहन आहे, गोदाम नव्हे. लग्नाची छायाचित्रे कार्डातच ठेवून ते कार्ड दागिन्यांच्या डबीत जपणारी घरे आहेत. त्यांची भावना समजण्यासारखी असली, तरी ही जपणूक खरी नव्हे.

माप, वर्ग आणि परीक्षा

व्यापाऱ्याच्या नजरेला पहिल्याच दिवशी खटकते ती मापातील तूट. वेष्टनावर ३२ जीबी लिहिलेले असते आणि संगणक २९.८ दाखवितो. यात लबाडी नाही. मोजण्याची मापे दोन आहेत. कार्ड करणारे दर पायरीला १००० चा हिशोब धरतात, तर विंडोज १०२४ चा. एकच कापड वारात मोजले आणि मीटरमध्ये मोजले तर आकडा बदलतो, तसाच हा प्रकार.

कार्डाच्या नावातही अर्थ असतो. नुसते एसडी म्हणजे २ जीबीपर्यंत, एसडीएचसी म्हणजे त्यापुढे ३२ जीबीपर्यंत आणि एसडीएक्ससी म्हणजे त्याहून मोठे, २ टीबीपर्यंत. तिघांचा आकार एकच असल्यामुळे घोटाळा होतो. जुन्या कॅमेऱ्यात नवे मोठे कार्ड बसते खरे, पण त्याला ते वाचता येत नाही. जुना संगणक किंवा जुना कार्ड रीडर असेल तर पडद्यावर सूचना येते, की हे कार्ड वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे. अशा वेळी होकार कदापि देऊ नये. कार्ड बहुधा भरलेले आणि निकोप असते. वाचणाऱ्याला ती लिपी येत नाही, इतकेच. कार्ड काढून दुसऱ्या, नव्या संगणकावर लावून पाहावे.

कार्डावर वर्तुळाकार अक्षरात २, ४, ६ किंवा १० असा आकडा असतो. सलग लिहिताना दर सेकंदाला किमान तितके एमबी लिहिले जातील, असे ते आश्वासन. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आतील १ म्हणजे किमान १० आणि ३ म्हणजे किमान ३० एमबी. ‘व्ही’ पुढील ३० म्हणजेही किमान ३०. घरगुती छायाचित्रांना १० चा वर्ग पुरेसा आहे. मोठ्या रिझोल्यूशनची चित्रफीत घ्यायची असेल तर ३० चा घ्यावा. वेष्टनावर ठळक छापलेला मोठा आकडा मात्र बहुधा वाचण्याच्या वेगाचा असतो, लिहिण्याचा नव्हे.

बाजारात बनावट कार्डेही येतात. आत ८ जीबीच जागा आणि संगणकाला सांगावयाचे ६४, अशी त्यांची रचना असते. पहिली छायाचित्रे नीट उतरतात, म्हणून संशय येत नाही. खरी जागा संपल्यावर पुढची छायाचित्रे नुसत्या नावापुरती उरतात. भाव फारच उतरलेला असेल तर कारण शोधावे, हा पेढीवरचा नियम येथेही लागू आहे. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा एक विनामूल्य प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतो, पुन्हा वाचतो आणि खरे माप सांगतो. नव्या कार्डाची ही परीक्षा समारंभाच्या आधी, कार्ड रिकामे असतानाच करावी.

उतरवून घेण्याची रीत

कॅमेऱ्याला केबल जोडूनही छायाचित्रे घेता येतात, परंतु मध्येच कॅमेऱ्याची बॅटरी संपली तर काम अर्धवट राहते. त्यापेक्षा कार्ड रीडर बरा. तो स्वस्त असतो, वेगवान असतो आणि त्याला बॅटरी लागत नाही. कार्ड कॅमेऱ्यातून काढताना कॅमेरा बंद असावा आणि लिहिणे चालू असल्याचा लाल दिवा विझलेला असावा.

कार्ड उघडले की आत डीसीआयएम नावाचे फोल्डर दिसते. कॅमेरा कोणत्याही कंपनीचा असो, हे नाव तेच असते, कारण सर्व कॅमेरे एकच सामाईक रचना पाळतात. त्या रचनेत छायाचित्राच्या नावाला आठच अक्षरे मिळतात आणि त्यांतील शेवटची चार म्हणजे क्रमांक. क्रमांक ९९९९ ला पोचला की पुन्हा ०००१ सुरू होते. म्हणून एकाच नावाची दोन छायाचित्रे प्रत्येक घरात कधी ना कधी निपजतातच. कॅमेऱ्याच्या मेनूत क्रमांक सलग ठेवण्याचा पर्याय असतो. तो निवडला तर हा प्रसंग क्वचित येतो.

खरा उपाय मात्र प्रत्येक प्रसंगाला नवे, रिकामे फोल्डर करणे हाच. त्याच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी प्रसंग लिहावा. रोजमेळात जशी तारखेमागून तारीख येते, तशी फोल्डरे आपोआप क्रमाने लागतात आणि दहा वर्षांनीही हवे ते सापडते. रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवीत असतानाही संगणकाने ‘या नावाची फाइल आधीच आहे’ असे विचारले, तर काहीतरी चुकते आहे हे ओळखून हात थांबवावा.

छायाचित्रे ‘कॉपी’ करावी, ‘कट’ करू नयेत. कट करताना मध्येच वीज गेली किंवा कार्ड हलले, तर काही ऐवज इकडे, काही तिकडे अशी अवस्था होते. कॉपी करताना मूळ प्रत कार्डात शाबूत राहते.

यानंतर येते ती पोच, आणि बहुतेक घरांत तीच वगळली जाते. कार्डातील फोल्डरवर उजवे बटण दाबून त्याची माहिती उघडावी, संगणकावरील फोल्डरचीही उघडावी आणि दोन गोष्टी ताडून पाहाव्या : फाइलींची संख्या आणि बाइट्समधील एकूण आकार. दोन्ही आकडे अगदी तंतोतंत जुळले पाहिजेत. मग पहिले, मधले आणि शेवटचे छायाचित्र उघडून पाहावे, चित्रफीत असेल तर तिचा शेवटचा भाग चालवून पाहावा. या साऱ्याला दोन-तीन मिनिटे लागतात. नातवाने तेवढे केले असते तर फोल्डरमधील संख्या वाढलेलीच नाही, हे त्याला तेव्हाच दिसले असते.

कार्डावर काही लिहिले किंवा पुसले असेल, तर ते काढण्यापूर्वी संगणकाला तशी सूचना द्यावी. काम झाले असे पडद्यावर दिसले तरी संगणक काही लिहिणे थोडा वेळ स्वतःपाशी राखून ठेवू शकतो. सूचना दिली की तो ते पूर्ण करून कार्ड सोडतो. छायाचित्रे उतरविताना ही सवय असली तर तोटा काहीच नाही.

कार्ड रिकामे करण्याचे काम संगणकावर न करता कॅमेऱ्यातच करावे, म्हणजे कॅमेऱ्याला हवी तशी मांडणी होते. आणि ते, दुसऱ्या ठिकाणी दुसरी प्रत झाल्यावरच.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. समारंभापूर्वी कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावावे. प्रत्येक छायाचित्रात काढल्याची तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते आणि घड्याळ चुकले तर विवाहाची छायाचित्रे दुसऱ्याच वर्षात जाऊन बसतात. दोन कॅमेरे असतील तर दोन्हींची वेळ जुळवावी. दुसरे, छपाईसाठी कार्ड स्टुडिओत द्यायचे असेल तर त्याच्या कडेची छोटी खिट्टी ‘लॉक’ कडे सरकवावी. मग सामान्यतः त्यावर लिहिता किंवा पुसता येत नाही आणि परक्या संगणकातील विषाणूही कार्डावर येत नाही. तिसरे, व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेले छायाचित्र दाबून लहान केलेले असते. ते पाहण्यापुरते ठीक. जपण्याची प्रत ती नव्हे. मूळ प्रत हवी असेल तर पाठविणाऱ्याला ते डॉक्युमेंट म्हणून पाठविण्यास सांगावे.

चुकून पुसले गेले तर

वहीतील अनुक्रमणिका फाडली तरी आतील पाने तशीच राहतात. कार्डाचेही पुष्कळदा असेच होते. छायाचित्र पुसले किंवा कार्ड नेहमीच्या रीतीने फॉरमॅट केले, तर सहसा फक्त यादी पुसली जाते आणि ती जागा मोकळी असल्याची नोंद होते. चित्राचा मजकूर, त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत, तिथेच असतो. मात्र कॅमेऱ्यात ‘लो लेव्हल’ फॉरमॅटचा पर्याय असेल आणि तो निवडला गेला, तर आशा ठेवू नये.

म्हणून चूक कळताच पहिले काम म्हणजे कार्ड बाहेर काढणे. त्यानंतर एकही छायाचित्र काढू नये. खिट्टी लॉककडे सरकवावी आणि फोटोरेकसारखा विनामूल्य प्रोग्राम चालवावा. तो कार्डावर काही लिहीत नाही. नुसता वाचतो आणि चित्राच्या खुणा ओळखून ती वेगळी काढतो. मिळालेली छायाचित्रे त्याच कार्डावर न ठेवता संगणकावर ठेवावी. त्यांची मूळ नावे परत मिळत नाहीत, परंतु चित्रात नोंदलेली तारीख-वेळ सहसा शाबूत असते, त्यावरून क्रम लावता येतो. कार्ड संगणकाला दिसतच नसेल, मोडले असेल किंवा भिजले असेल, तर घरी प्रयोग न करता जाणकाराकडे न्यावे.

दोन ठिकाणी, तीन प्रती

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी छायाचित्रांच्या जपणुकीचा एक सुटसुटीत नियम रूढ केला : प्रती तीन, साधने दोन प्रकारची आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या जागी. व्यापारी कुटुंबाला हा नियम पाळणे सोपे आहे, कारण घर आणि पेढी अशा दोन जागा त्याला आधीच असतात. एक प्रत घरच्या संगणकावर, दुसरी घरच्या बाह्य हार्ड डिस्कवर आणि तिसरी पेढीवर. घरी चोरी झाली, पाणी शिरले किंवा शॉर्टसर्किट झाले तरी पेढीवरची प्रत राहते. काम झाल्यावर हार्ड डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. जोडलेलीच राहिली तर संगणकावर आलेला विषाणू तिच्यातील ऐवजही नासवितो. वर्षातून एकदा, दिवाळीत वह्या बदलतात तेव्हा, ती जोडून छायाचित्रे उघडतात का हे पाहावे.

इंटरनेटवरील साठाही तिसरी प्रत म्हणून चालतो. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते, पण जून २०२१ पासून नव्याने चढविलेली छायाचित्रे त्याच जागेत मोजली जातात आणि ईमेलही त्यातच असतो. तेथे आणखी एक सावधगिरी हवी. मोबाइल आणि तो साठा परस्परांशी जुळविलेले असतील, तर एकीकडे पुसलेले दुसरीकडेही पुसले जाते. म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये.

आता त्या घराकडे. आजींच्या तेराव्या दिवसानंतर नातवाने कपाटातला कॅमेरा काढला. साड्यांनंतर तो कोणी वापरला नव्हता, एवढेच दैव अनुकूल होते. कार्ड रीडरला लावून त्याने प्रोग्राम चालविला. रात्री दहाच्या सुमारास चित्रे एकेक करून दिसू लागली. घरातली सारी माणसे संगणकाभोवती उभी होती आणि कोणी बोलत नव्हते. अखेरीस मोजली तेव्हा २७१ भरली.

उरलेली ४१ मिळाली नाहीत. फॉरमॅट केल्यानंतर त्या कॅमेऱ्याने कार्डाच्या आरंभापासून लिहायला घेतले होते, आणि आरंभी होते ते सकाळचे औक्षण. साड्यांचे नमुने नेमके त्यावर बसले. धाकटे काका बराच वेळ खाली मान घालून बसले. मग थोरल्या सुनेने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, “भावजी, तुम्ही विचारून पुसलेत. तुमची काय चूक?”

ओसरीवर पतवंडाला घेऊन हसणाऱ्या आजींचे चित्र त्या २७१ मध्ये होते. तीच तसबीर आज दिवाणखान्यात आहे. संगणकाशेजारी खिळ्याला एक छोटी वही टांगली आहे. तिच्यात पाच रकाने आहेत : तारीख, प्रसंग, कार्डातील संख्या, संगणकावरील संख्या आणि ताडून पाहणाऱ्याची सही. सही नसेल तर कार्ड कोणी पुसत नाही. वहीचे पहिले पान दिवाणजींच्या वळणदार अक्षरात आखलेले आहे, आणि पहिल्या ओळीवरची सही नातवाची आहे : संख्या २७१.